चाव्यांच्या शहरातील शोधयात्रा

परदेशची सहल म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. वातानुकूलित बस, हातात छोटासा झेंडा उंचावून पुढे चालणारा मार्गदर्शक आणि 'येथे फक्त वीस मिनिटे' अशी त्याची सूचना! आठ दिवसांत पाच देश पाहून झाल्याचे समाधान लाभते, छायाचित्रांचा ढीग साठतो. परंतु घरी परतल्यावर कोणते चर्च कोणत्या गावचे आणि कोणता पूल कोणत्या नदीवरचा, हे सांगताना घरातल्या घरात मतभेद होऊ लागतात. पाहिले पुष्कळ, पण नजरेत राहिले थोडे, असा हा अनुभव आहे.

या धावपळीला एक सोपा आणि स्वस्त पर्याय आहे. युरोपातील अनेक जुन्या शहरांत 'ट्रेझर हंट'च्या धर्तीवर पायी फिरण्याच्या वाटा आखलेल्या असतात. प्रवाशाच्या हाती एक पुस्तिका असते किंवा मोबाइलवर एखादे ॲप असते. त्यात मार्ग दिलेला असतो आणि टप्प्याटप्प्यावर एकेक कोडे असते. अमुक दारावरील प्राणी कोणता, तमुक भिंतीवरील साल कोणते, या चौकातील पुतळा कोणाकडे पाहतो आहे, अशी ती कोडी. त्यांची उत्तरे त्या जागी उभे राहून, मान वर करून आणि डोळे उघडे ठेवूनच मिळतात. एक उत्तर सापडले की पुढच्या टप्प्याची दिशा कळते. सोबत मार्गदर्शक नसतो, घड्याळाची सक्ती नसते. वाटेत कॉफीसाठी अर्धा तास थांबले तरी कोणी बस घेऊन निघून जात नाही.

नेदरलँड्समध्ये हा प्रकार विशेष रुजलेला आहे. माग काढत जाण्याच्या या खेळाला डच भाषेत स्वतंत्र शब्द आहे आणि मुलांच्या वाढदिवसाला तो हमखास खेळला जातो. मोठ्यांनी हा खेळ खेळण्यासाठी जी डच शहरे सर्वांत योग्य ठरतात, त्यांत लायडनचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. कारण या शहराने आपला इतिहास संग्रहालयांच्या कपाटांत जितका ठेवला आहे, तितकाच तो रस्त्यावरच्या भिंतींवरही लिहून ठेवला आहे.

शहराची ओळख

लायडन हे ॲमस्टरडॅमच्या नैर्ऋत्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर वसलेले शहर. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. ऱ्हाईन नदीचे दोन जुने प्रवाह शहराच्या मध्यभागी एकत्र येतात आणि त्यांच्याभोवती कालव्यांचे जाळे विणलेले आहे. शहराच्या मानचिन्हावर लाल रंगाच्या दोन चाव्या एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या आहेत. ख्रिस्ती परंपरेनुसार स्वर्गाच्या दाराच्या चाव्या संत पीटर यांच्याकडे असतात आणि तेच या नगराचे संरक्षक संत. म्हणून लायडनला 'चाव्यांचे शहर' असे म्हणतात. या चाव्या पुलांच्या कठड्यांवर, सरकारी इमारतींच्या दर्शनी भागांवर अशा जागोजागी भेटतात. लहान मुले बरोबर असतील तर 'दिवसभरात किती चाव्या सापडतात?' हे पहिलेच कोडे त्यांना सायंकाळपर्यंत पुरते.

रेल्वे स्थानकातून बाहेर पडून जुन्या शहराच्या दिशेने काही मिनिटे चालले की 'दे फाल्क' ही भव्य पवनचक्की समोर उभी राहते. विटांची ही सात मजली चक्की १७४३ साली बांधली गेली. वाऱ्याच्या बळावर येथे धान्य दळले जात असे. आता तिचे संग्रहालय झाले आहे. येथे विचारण्याजोगे कोडे असे की, चक्की इतकी उंच का? उत्तर आसपास नजर टाकल्यावर मिळते. तटबंदीच्या आतील घरांनी वारा अडवू नये, म्हणून चक्कीला घरांच्या डोक्यावरून श्वास घ्यावा लागे.

मापाची आणि मोहोरेची पेठ

चक्कीपासून जवळच 'लाकेनहाल' आहे. लाकेन म्हणजे लोकरी कापड. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या खालोखाल हॉलंडमधील सर्वांत मोठे शहर लायडनच होते आणि त्याची सारी भरभराट या कापडावर उभी होती. १६४० च्या सुमारास बांधलेल्या या इमारतीत विणकरांचा माल तपासला जाई. लांबी-रुंदी, वीण, रंग यांची परीक्षा होई आणि कसोटीस उतरलेल्या ताग्यावर शिशाची मोहोर लागे. दूरदेशीचा व्यापारी ताग्याची घडी न मोडता केवळ ती मोहोर पाहून सौदा करू शके. इमारतीच्या दर्शनी भागावर कापड तयार होण्याच्या कामांची शिल्पे कोरलेली आहेत. ती क्रमाने ओळखणे, हे या टप्प्यावरचे कोडे. लोकर ते तागा हा संपूर्ण प्रवास प्रवासी दोन मिनिटांत दगडातून वाचतो. १८७४ पासून येथे शहराचे संग्रहालय आहे.

शहराच्या पश्चिम टोकाला, नदीच्या जुन्या प्रवाहाजवळ वेडेस्टेख नावाची गल्ली आहे. १५ जुलै १६०६ रोजी या गल्लीतील एका घरात, पिठाच्या चक्कीवाल्याच्या पोटी, रेम्ब्राँचा जन्म झाला. ते घर आज उरलेले नाही. त्याच्या जागी भिंतीवर एक स्मृतिफलक आहे आणि तो शोधून काढणे हेच तेथील कोडे. जगप्रसिद्ध चित्रकाराच्या जन्मस्थळी पाहायला काहीच नाही, या जाणिवेने क्षणभर हिरमोड होतो खरा. पण समोरचे पाणी, त्यावरचा मंद प्रकाश आणि पलीकडे उभी केलेली लाकडी पवनचक्की पाहिली की, छायाप्रकाशाच्या या जादूगाराने बालपणी काय पाहिले असेल, याचा अंदाज येऊ लागतो.

गोव्याहून आलेला एक धागा

येथून पुढे रापेनबुर्ख कालव्याच्या काठाने वाट विद्यापीठाकडे जाते. ८ फेब्रुवारी १५७५ रोजी स्थापन झालेले हे नेदरलँड्समधील सर्वांत जुने विद्यापीठ. १५८१ पासून ते एका जुन्या मठाच्या प्रार्थनामंदिरात नांदते आहे. इमारतीत एक छोटी खोली आहे. परीक्षेच्या निकालाची वाट पाहत विद्यार्थी तेथे बसत. म्हणून तिला 'घाम फुटण्याची खोली' असे नाव पडले. उत्तीर्ण झालेल्यांनी भिंतींवर सह्या करायच्या, ही येथील प्रथा. सन्माननीय पदवी स्वीकारण्यास आलेले विन्स्टन चर्चिल आणि नेल्सन मंडेला यांच्याही सह्या त्यांत आहेत.

विद्यापीठाच्या मागेच १५९० साली स्थापन झालेली वनस्पती-उद्यानाची जागा आहे. १५९३ मध्ये येथे आलेल्या क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्याबरोबर कंद आणले आणि पुढील वर्षीच्या वसंतात या बागेत ट्यूलिप फुलले. ज्या फुलाच्या कंदांवर १६३७ पर्यंत अवघ्या हॉलंडने सट्टा खेळला आणि ज्याचे भाव एका रात्रीत कोसळल्याची कथा आजही गुंतवणूकदारांना सांगितली जाते, त्या फुलाच्या डच इतिहासाचा आरंभ या वाफ्यांशी जोडलेला आहे. मराठी वाचकाला येथे आणखी एक धागा सापडतो. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतातील औषधी वनस्पतींविषयी लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्याचे लॅटिन भाषेतील संक्षिप्त रूप १५६७ साली युरोपपुढे ठेवले, ते याच क्लुसियसने. गोव्याच्या छापखान्यातून निघालेले ज्ञान ज्याने युरोपभर पोहोचविले, त्याच माणसाने पुढे ही बाग फुलविली.

जवळच्या अरुंद गल्ल्यांतून गेले की पीटर्सकेर्क हे प्राचीन चर्च लागते. 'या चर्चला मनोरा का नाही?' हे येथील कोडे. उत्तर असे की, होता. तो १५१२ साली कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. इंग्लंडमधून धर्मछळामुळे बाहेर पडलेला एक समुदाय १६०९ ते १६२० या काळात या चर्चच्या सावलीत राहिला. त्यांतील काही जण पुढे 'मेफ्लॉवर' जहाजाने अमेरिकेस गेले. त्यांचे धर्मगुरू जॉन रॉबिन्सन मात्र येथेच राहिले आणि १६२५ साली याच चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. चर्चच्या बाहेरील भिंतीवरचा फलक ती नोंद देतो. त्यांच्या घराच्या जागी आज एक 'हॉफ्ये' आहे. हॉफ्ये म्हणजे धनिकांच्या देणगीतून गरजू वृद्धांसाठी बांधलेली, अंगणाभोवतीची छोट्या घरांची चाळ. लायडनमध्ये अशी तीसहून अधिक अंगणे टिकून आहेत. रस्त्यावरून फक्त एक साधे दार दिसते. ते ढकलले की आत फुलझाडांचा चौक. मात्र त्या घरांत आजही माणसे राहतात, याचे भान प्रवाशाने ठेवायला हवे. उत्तर सापडल्याचा जल्लोष दाराबाहेर येऊन करावा.

रिकाम्या जागेचे कोडे

स्टेनस्खूर कालव्यापाशी या शोधयात्रेतील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. इतक्या दाटीवाटीच्या जुन्या शहरात, ऐन मध्यभागी एवढे मोठे मोकळे उद्यान कसे? आसपासची सर्व घरे तीन-चारशे वर्षांची आणि येथे मात्र हिरवळ! उत्तर दुःखद आहे. १२ जानेवारी १८०७ रोजी या कालव्यात नांगरलेल्या, बंदुकीच्या दारूने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली आणि दोनशेहून अधिक घरे जमीनदोस्त झाली. कालव्याच्या दोन्ही काठांवर जी पोकळी निर्माण झाली, ती पूर्वीसारखी कधीच भरली नाही. एका काठावर पुढे उद्यान झाले, तर दुसऱ्या काठावर विद्यापीठाची प्रयोगशाळा उभी राहिली. तेथेच १९०८ साली हाइके कॅमरलिंग ओनेस यांनी हेलियम वायूचे प्रथमच द्रवीकरण केले आणि १९११ साली अतिसंवाहकतेचा शोध लावला. १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या इमारतीत आता कायद्याचे वर्ग भरतात.

उद्यानातील पुतळा आहे तो पीटर फान देर वेर्फ यांचा. ते १५७४ साली शहराचे महापौर होते. त्यांच्या पुतळ्यापासून पुढचा सारा मार्ग त्या एका वर्षाकडे जातो.

एकशे एकतीस अक्षरे

स्पेनच्या राजसत्तेविरुद्ध डच प्रांतांनी बंड केले होते. २६ मे १५७४ रोजी स्पॅनिश सैन्याने लायडनला दुसऱ्यांदा वेढा घातला. धान्य संपले, रोगराई पसरली. उपाशी जमावाने शरणागतीची मागणी केली, तेव्हा 'माझा हात तोडून खा, पण शहर देणार नाही,' असे महापौर म्हणाल्याची आख्यायिका आहे. ऑरेंजचे राजपुत्र विल्यम यांनी अखेर एक विलक्षण निर्णय घेतला. समुद्र अडवून धरणारे बांध फोडून पाणी शेतांवर सोडायचे आणि त्या पाण्यावरून नौका वेढ्यापर्यंत न्यायच्या! ऑगस्टमध्ये बांध फोडले गेले. पण वारा प्रतिकूल होता, पाणी चढेना. ऑक्टोबरच्या आरंभी वादळी वाऱ्याने पाणी वाढले, स्पॅनिश सैन्य रात्रीतून निघून गेले आणि ३ ऑक्टोबरच्या सकाळी सपाट तळाच्या नौका हेरिंग मासे आणि पांढरा पाव घेऊन शहरात शिरल्या. तोवर सुमारे सहा हजार नागरिकांचा बळी गेला होता.

ही हकीकत कोणत्याही मार्गदर्शिकेत वाचता येते. परंतु ब्रेस्त्राट या मुख्य रस्त्यावरील नगरभवनाच्या भिंतीत बसविलेल्या एका शिलालेखासमोर कोडे सोडवीत उभे राहिले की ती वेगळ्याच रीतीने अंगावर येते. भुकेने जवळपास सहा हजार माणसे मेली आणि मग देवाने पुन्हा भाकर दिली, अशा आशयाच्या काही ओळी तेथे कोरलेल्या आहेत. त्यांतील काही अक्षरे मोठी आहेत. ती रोमन अंक मानून त्यांची बेरीज करायची. 'एम' म्हणजे हजार, 'सी' म्हणजे शंभर, 'एल' म्हणजे पन्नास. 'डब्ल्यू' म्हणजे दोन 'व्ही', अर्थात दहा. वही-पेन्सिल काढून बेरीज पुरी केली की उत्तर येते १५७४! शब्दांत साल दडविण्याची ही युक्ती आपल्याकडील भूतसंख्या आणि कटपयादी पद्धतींची आठवण करून देते. पण कोडे येथे संपत नाही. त्या ओळींची एकूण अक्षरे मोजायची असतात. ती भरतात १३१. वेढाही १३१ दिवसच चालला होता. ज्याने ही रचना केली, त्याने उपासमारीचा प्रत्येक दिवस एका अक्षराच्या खात्यावर मांडून ठेवला. बोटाने एकेक अक्षर मोजताना शंभरीच्या पुढे प्रवासी थकतो, कंटाळतो, आणि नेमके तेव्हाच त्या दिवसांची लांबी त्याला जाणवते.

याच नगरसभेने वेढ्याच्या काळात आणखी एक धाडस केले होते, जे बँकिंग क्षेत्राशी निगडित वाचकाला विशेष वाटावे. शहरात नाण्यांसाठी धातूची टंचाई पडली. तेव्हा चर्चमधील प्रार्थनाग्रंथांची पाने एकमेकांवर चिकटवून त्यांच्या गोल चकत्या कापण्यात आल्या आणि नाणी पाडण्याच्या ठशांनी त्यांवर छाप मारण्यात आले. एका बाजूस सिंह, दुसरीकडे शहराचे मानचिन्ह आणि 'हे स्वातंत्र्यासाठी' अशा अर्थाचे लॅटिन वचन. चीनमध्ये कागदी चलन त्यापूर्वी कित्येक शतके होते. युरोपात मात्र लायडनची ही नाणी पहिले कागदी चलन मानली जातात. त्या कागदामागे सोने नव्हते, चांदी नव्हती. होता तो उद्या तग धरेल की नाही हे ठाऊक नसलेल्या एका नगरसभेचा शब्द. तरीही भाकरीच्या मोबदल्यात तो कागद घेतला गेला. चलन हे मूलतः विश्वासाचे दुसरे नाव आहे, हे तत्त्व अर्थशास्त्राच्या पुस्तकांत बरेच पुढे आले. लायडनकरांनी ते उपाशीपोटी अनुभवले.

वेढ्यातील धैर्याबद्दल विल्यम यांनी शहरासमोर करमाफी आणि विद्यापीठ असे दोन पर्याय ठेवले आणि नागरिकांनी विद्यापीठ निवडले, असे सांगतात. इतिहासकार ही कथा आख्यायिकेत जमा करतात. पण नागरिक ती आजही अभिमानाने सांगतात. विद्यापीठ मात्र वेढा उठल्यावर चारच महिन्यांत उभे राहिले, ही निर्विवाद नोंद आहे.

भिंतींवरच्या कविता आणि सूत्रे

या वाटेवर फिरताना आणखी एक नवल दिसते. घरांच्या आंधळ्या भिंतींवर भल्यामोठ्या अक्षरांत कविता रंगविलेल्या आहेत. १९९२ मध्ये रशियन कवयित्री मारिना त्स्वेताएवा यांच्या कवितेने या उपक्रमाचा आरंभ झाला आणि २००५ पर्यंत १०१ कविता पूर्ण झाल्या. बहुतेक कविता मूळ भाषेत आणि मूळ लिपीत आहेत. अर्थ कळला नाही तरी लिपी ओळखण्याचे कोडे मोठे रंजक ठरते. २०१५ पासून विज्ञानातील सूत्रांचीही त्यांत भर पडली. विज्ञान-इतिहासाच्या बूरहावे संग्रहालयाच्या भिंतीवर आइन्स्टाइन यांचे समीकरण झळकते, तर प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम मांडणारे लायडनचे सुपुत्र स्नेलियस यांनाही भिंतीवर स्थान मिळाले आहे. आइन्स्टाइन १९२० पासून या विद्यापीठाचे अतिथी प्राध्यापक होते.

प्रवाशांसाठी थोडेसे

हा सर्व मार्ग चार-पाच किलोमीटरचा आहे. नुसते चालले तर सव्वा तासात संपतो. कोडी सोडवीत गेले तर अर्धा दिवस सहज जातो. तांबड्या रंगाच्या पट्ट्या सायकलींसाठी राखीव असतात; मोबाइलमध्ये डोके घालून त्यांवर चालणे धोक्याचे. एप्रिल-मे हा काळ हवामानाच्या दृष्टीने चांगला, तरी छत्री जवळ असावी. बुधवारी आणि शनिवारी कालव्याकाठी बाजार भरतो. त्या दिवशी गर्दी अधिक, पण मौजही अधिक. नेदरलँड्समधील काही दुकाने रोख रक्कम स्वीकारीत नाहीत, म्हणून आपल्या कार्डावर परदेशी व्यवहारांची सुविधा निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी. तयार पुस्तिका न मिळाल्यास घरीच दहा-बारा प्रश्न काढून नेता येतात. मात्र प्रश्न काढताना एक पथ्य पाळावे. 'खिडक्या किती?' हा प्रश्न फक्त बोटे मोजायला लावतो. 'खिडकीच्या वर लोखंडी आकडा कशासाठी?' हा प्रश्न विचार करायला लावतो. अरुंद जिन्यांतून न जाणारे सामान दोराने वर ओढण्यासाठी तो आकडा असतो, हे एकदा कळले की पुढील प्रत्येक घराच्या माथ्याकडे आपोआप लक्ष जाते.

मार्गाचा शेवट बुर्ख्तवर करावा. नदीच्या दोन प्रवाहांमध्ये, मानवनिर्मित टेकाडावर उभा असलेला हा अकराव्या शतकातील गोलाकार कोट. प्रवेशाला शुल्क नाही. वर चढून तटावरून फेरी मारली की दिवसभर पाहिलेले सारे एका दृष्टिक्षेपात येते. मनोरा नसलेले चर्च, नगरभवन, दूरवर पवनचक्कीचे पाते. शहराभोवतीची जमीन किती सपाट आणि किती खोलगट आहे, हेही येथूनच ध्यानात येते. बांध फोडल्यावर समुद्र एवढ्या आत कसा आला असेल, या प्रश्नाचे उत्तर देणारा फलक तटावर असण्याची गरजच नाही.

टेकाडावरून उतरून नदी ओलांडली की जवळच 'वाख' ही सतराव्या शतकातील वजनाची जागा आहे. व्यापाऱ्यांचा माल येथे सरकारी तराजूत तोलला जाई. भिंतीवरील शिल्पात तो तराजू अजूनही कोरलेला आहे. दरवर्षी ३ ऑक्टोबरच्या सकाळी याच इमारतीपाशी लायडनचे नागरिक रांगेत उभे राहतात आणि प्रत्येकाच्या हाती हेरिंग मासा आणि पांढरा पाव ठेवला जातो.